गोटीराम शिपाई आणि फुकटची लस

मखमलाबादच्या शाळेत गोटीराम शिपाई होता. घरी झेंडूचा मळा, पण कुणी "फूलवाला" म्हटलेलं त्याला खपत नसे. "मी स्टाफ हाय," हे तो दिवसातून दहादा ऐकवी. स्टाफचा फोटो निघाला की पहिल्या रांगेत खुर्ची टाकून हा बसलेला!

स्वाइन फ्लूच्या साली सगळं नाशिक तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं. एका ट्रस्टनं नेहमीच्या फ्लूची तरी लस शाळेच्या स्टाफला फुकट द्यायची ठरवलं. डॉक्टरीणबाई लशीचा डबा घेऊन आल्या. मुख्याध्यापिका उज्वलाबाईंनी हाक मारली, "चला गोटीराम, पहिला मान तुमचा!"

सुई बघून गोटीराम दोन पावलं मागं सरकला.

"बाई, मी कसला स्टाफ? स्टाफ म्हंजे मास्तर लोक. मी आपला फूलवाला!"

खिचडी शिजवणारी नवसाबाई पुढे झाली. "मग याची मला द्या. मी बचत गटाची, शाळेच्या पगारावर नाय, पण दोनशे पोरं रोज माझ्याच तोंडावर शिंकत्यात."

डॉक्टरीणबाई हसल्या. "पोरं ज्याच्या तोंडावर शिंकतात, तो आमच्या लेखी स्टाफ. तुम्हीही घ्या आणि हेही घेतील."

नवसाबाईनं लस घेतली आणि ती फोडणीला गेली. तेवढ्यात गोटीराम सटकला. सापडला तो तिच्याच कोठीत, मिरचीच्या पोत्याआड, शिंकून शिंकून लालबुंद.

"मला फ्लूच झालाय!" तो घाईघाईनं म्हणाला. "आजारी माणसाला लस देत नायत ना?"

"नाही देत," डॉक्टरीणबाई गंभीर होत म्हणाल्या. "तुम्हाला ॲम्ब्युलन्सनं सिव्हिलला नेऊ. घशात लांब काडी घालून तपासतील, मग वेगळ्या खोलीत ठेवतील."

"काडी? केवढी?"

डॉक्टरीणबाईंनी कोपरापर्यंत हात दाखवला.

गोटीराम ताडकन उठला. "मिरची गेली ओ नाकात! ठणठणीत हाय मी! अन् पक्का स्टाफ हाय!"

सुई टोचण्याआधीच त्यानं अशी बोंब ठोकली की चौथीचा वर्ग शाळा सुटली समजून दप्तरासकट बाहेर पळाला.

घरी गेल्यावर त्यानं हात गळ्यात बांधला. बायको छाया बिचारी एकटीच झेंडू तोडू लागली. तिसऱ्या दिवशी तिनं निरखून पाहिलं.

"का हो, काल डावा हात बांधला होता ना?"

गोटीरामानं हाताकडं पाहिलं, मग छायाकडं. आणि फुलांची पाटी उचलून मळ्यात शिरला.