अक्काचे जादा दिवस

धुळ्याहून हेमंतचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत बसले होते. "मावशी, आई गेली..." एवढंच माझा भाचा बोलला, आणि पुढे फोनवर नुसते घरातल्या माणसांचे आवाज येत राहिले. सकाळचा चहा घेऊन अक्का खुर्चीत बसली, तिनं पेपर मागितला, आणि सुनेनं तो आणून देईपर्यंत सगळं संपलेलं होतं. शेजाऱ्यांनी माझ्यासाठी गाडी बोलावली. मी साडी बदलली, दाराला कुलूप लावलं, मग ते पुन्हा उघडलं आणि पुढच्या खोलीत दिवाणाजवळ उभी असलेली अक्काची निळी, चाकांची बॅग घेऊन गाडीत बसले. माझी स्वतःची पर्स घरातच राहिली. शेजारणीला वाटलं, धुळ्याला राहावं लागेल म्हणून मी कपडे भरून घेतलेत. पण ती बॅग माझी नव्हती, तिची किल्लीही माझ्याकडं नव्हती. ती इंग्लंडला निघालेली बॅग होती आणि मी ती अक्काच्या घरी परत न्यायला निघाले होते. हा वेडेपणा कशासाठी, ते सांगायचं तर आमच्या माहेरच्या ओसरीपर्यंत मागं जावं लागेल.

यावलजवळच्या आमच्या गावी वडिलांची, आबांची, केळीची बाग होती. भावंडांत अक्का सगळ्यांत थोरली, मी शेंडेफळ. मला कळू लागलं तेव्हा तिचं लग्न होऊन ती धुळ्याला गेलेलीही होती. त्यामुळे माझ्या लेखी थोरली बहीण म्हणजे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येणारी पाहुणी. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, सगळं खरं. पण अक्काचं निम्मं लक्ष एकाच गोष्टीवर असायचं, की सणाच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस पदरात कसे पाडून घ्यायचे. तिच्या सासूबाई परतीचा दिवस ठरवूनच पाठवत आणि त्या दिवशी तिचा दीर न्यायला हजर होई. तो आला की अक्का आबांचं पंचांग काढून ओसरीवर बसायची. "भाऊ, आज शुक्रवार ना? पश्चिमेला दिशाशूळ आहे. धुळं पश्चिमेलाच की." बिचारा दीर डोकं खाजवत मुक्काम करायचा. एरवी देवधर्मात अक्का बेताचीच, पण पंचांगातला वाईट दिवस तिला बरोबर सापडायचा. आबा मिशीत हसायचे.

एका वर्षी मात्र सासूबाईंनी डाव उलटवला. दीर आदल्या दिवशीच आला, चांगली वेळ पाहून त्यानं अक्काचं गाठोडं उचललं आणि समोरच्या घरी नेऊन ठेवलं. याला आमच्याकडं पस्ताना ठेवणं म्हणतात. निघायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी सामानातली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं. मग खुशाल कधीही जा, वाटेत ती उचला आणि पुढं व्हा. ती घरी परत मात्र आणायची नाही, आणली तर निघणं मोडतं. अक्काचा चेहरा पडला. मी तेव्हा जेमतेम तिसरीत होते. दुपारी सगळे कलंडल्यावर मी समोरच्या घरी गेले, ते गाठोडं डोक्यावर घेतलं आणि आणून माजघरात आदळलं. आई धावून आली, दीर कपाळाला हात लावून बसला, आणि अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "झालं! निघणं मोडलं. आता नवा मुहूर्त पाहा." त्या गाठोड्यापायी तिला एक दिवस जादा मिळाला. तो सबंध दिवस ती मला घेऊन केळीच्या बागेत बसली होती. काहीही केलं नाही आम्ही. पाटातल्या पाण्यात पाय सोडून बसलो, एवढंच. त्यानंतर आयुष्यात पुष्कळ दिवस आले, पण एखादा दिवस पुन्हा मागता आला असता तर मी तोच मागितला असता.

पुढं संसार झाले. अक्काचे यजमान, नाना, गेले, माझे हे गेले. ती धुळ्याला मुला-सुनेकडं, मी जळगावला मेहरूण भागातल्या घरात एकटी. आणि एका दुपारी तिचा फोन: "बेबी, आपण इंग्लंडला जाऊ." साठी उलटलेल्या बाईला बेबी म्हणणारी ती एकटीच उरली होती. तिच्या शेजारणीनं सहलीचे फोटो दाखवले होते. राजवाडे, घड्याळाचा मनोरा, बोटी... अक्काच्या डोळ्यांत भरला तो एक साधा बाक. कुठल्याशा समुद्रकाठच्या गावातला, पाठीवर पितळी पट्टी ठोकलेला. त्यावर लिहिलं होतं की अमुक बाईंच्या आठवणीसाठी, ज्यांना इथं बसायला आवडायचं. "आपल्याकडं माणूस गेलं की देवळाला पंखा देतात आणि पात्यांवर नाव घालतात," अक्का म्हणाली, "पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही. हे बघ किती शहाणपणाचं! त्या बाईला बसायला आवडायचं म्हणून बाक." तिला त्या बाकावर बसायचं होतं. कोणी ऊठ म्हणेपर्यंत नाही, आपल्यालाच उठावंसं वाटेपर्यंत.

जळगावच्या एका टूरच्या ऑफिसात आम्ही नाव घातलं. तिथल्या बाई फार गोड होत्या, पण त्यांच्या कार्यक्रमात बाकावर बसायला कुठंच जागा नव्हती. यॉर्क शहराचासुद्धा फक्त 'फोटो स्टॉप' होता. अक्कानं सरळ विचारलं, "म्हणजे बसमधून उतरायचं की नाही?" बाई म्हणाल्या, "उतरायचं आजी, पण लांब जायचं नाही." अक्का माझ्याकडं वळून म्हणाली, "ऐकलंस? सासूबाई इथंही आहेत." आणि मग तिनं जुनी मागणी नव्यानं पुढं केली. टूर करू, पण आधी दोन दिवस जादा आणि नंतर दोन दिवस जादा.

मी पहिल्यापासून भित्री. पुढं झेंडा धरलेलं माणूस असलं की त्याच्या मागं मी कुठंही जाईन, पण एकटीनं पुण्याचीसुद्धा गाडी पकडलेली नाही. "तिथं उतरल्यावर आपल्याला घ्यायला कोण येणार?" मी म्हटलं. त्यावरून फोनवर रोज आमची जुंपायची. शेवटी आधीचे दिवस मी तिला सोडायला लावले आणि नंतरचे कसेबसे कबूल केले. ते ठरवताना अक्का जी खुलली, ते पाहायला हवं होतं. नकाशात ते समुद्रकाठचं गाव सापडलं, व्हिटबी. मंडळी विमानतळाकडं गेली की आम्ही दोघींनी लंडनहून यॉर्कपर्यंत रेल्वेनं जायचं आणि पुढं माळावरून बसनं. माझी भीती पाहून ती म्हणाली, "अगं, भुसावळपर्यंत रेल्वे आणि पुढं एसटीनं यावल. यात नवीन काय आहे?" आणि खरंच, तेवढ्यानं मला ते गाव जवळ वाटायला लागलं.

जायची तारीख आली ती नेमकी अमावास्या. अक्काला अमावास्येचं काडीचं सोयरसुतक नव्हतं, पण संधी ती कशाला सोडते? एका सकाळी निळी बॅग घेऊन ती माझ्या दारात उभी. "पस्ताना ठेवायला आले." मी म्हटलं, "अक्का, पस्ताना जायच्या दिशेला ठेवतात. मुंबई पश्चिमेला, विमानही पश्चिमेला जाणार, आणि तू धुळ्याहून उलटी पूर्वेला आलीस!" ती चपला काढत म्हणाली, "माहेर ज्या दिशेला, ती माझी दिशा." मग दिवाणाजवळ बॅग उभी करून तिच्यावर थाप मारली. एखादी गोष्ट कायमची ठरवून टाकायची असली की ती सासरची अहिराणी बोलायची. "हाई आते निंघी गयी. आते मांगे लई जावानं नही. आनि मना आधीना दिन मी आठेच लेसू." तिचे आधीचे दिवस ती माझ्याकडं राहून वसूल करणार होती!

आणि केले तिनं वसूल. सकाळी मी कुकर लावायला उठले की हात धरून बसवायची. "बठ्ठा दिन आपलाच शे." सगळा दिवस आपलाच आहे म्हणे! मेहरूणच्या तलावावर आम्ही रोज जायचो. ती त्याला रंगीत तालीम म्हणायची. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा घ्यायचा, काठावरच्या बाकावर बसायचं आणि पाण्याकडं पाहत राहायचं. त्या बाकावरही नाव होतं, नगरसेवकाचं. अक्कानं चष्मा पुसून ते वाचलं. "यांना इथं बसायला आवडायचं का, ते काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की फिरायला आलेली माणसं वळून पाहायला लागली. हसू ओसरल्यावर तिनं चष्मा पुन्हा पुसला. मग म्हणाली, "बेबी, आबांच्या बागेतला तो दिवस आठवतो? तुझ्या गाठोड्याचा?" मी मान हलवली. "तसा दिवस मला पुन्हा कधी कोणी दिला नाही गं... हे आता आपले आपण घेतोय." मी तिला भाकरीचा आणखी एक तुकडा दिला.

ती धुळ्याच्या बसमध्ये बसली तेव्हा हातात फक्त पर्स होती. खिडकीतून म्हणाली, "बॅगेवर लक्ष ठेव. आत ज्वारीचे बिबडे आहेत, वर काही ठेवू नकोस, पापडांचा चुरा होईल." तिचं माझ्याशी समोरासमोरचं ते शेवटचं बोलणं.

म्हणून त्या सकाळी मी बॅग घेऊन गेले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी मागच्या सीटवर बॅग मांडीशी धरून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं... पस्ताना घरात परत आला की निघणं मोडतं. तिसरीतल्या मुलीला ते जमलं होतं. धुळ्याला पोचल्यावर मी कोणाला हात लावू दिला नाही. बायांच्या गर्दीतून ती बॅग उंबऱ्याच्या आत नेली आणि अक्काच्या पायांशी उभी केली. म्हटलं, अक्का, आणली बघ... मोड आता निघणं. तिचा चेहरा पेपरची वाट पाहत असल्यासारखा शांत होता. मी तिथंच बसले आणि मग मात्र मला आवरता आलं नाही.

तेरावा झाल्यावर हेमंत म्हणाला, "मावशी, बॅग आता इथंच राहू दे." त्याचंही बरोबरच होतं, आईची वस्तू होती. पण ती त्या घराच्या कोपऱ्यात उभी राहिलेली मला पाहवेना. मी म्हटलं, "नको रे. तुझ्या आईनं ती माहेरी ठेवली होती." मग त्यानंच ती गाडीत चढवली आणि अक्काच्या पर्समधली छोटी किल्ली माझ्या हातावर ठेवली. किल्ली मी अजून वापरलेली नाही.

गेल्या आठवड्यात टूरच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. अक्काचं त्यांनाही वाईट वाटलं होतं. मग चाचरत म्हणाल्या, "आता तुम्ही एकट्या... नंतरचे दिवस रद्द करू ना? ग्रुपबरोबरच परत या." तेच तर मला हवं होतं! इतके दिवस मी याच फोनची वाट पाहत होते. खरं सांगायचं तर सगळी टूरच रद्द करायचं माझ्या मनात होतं. यॉर्कला गाडी बदलताना चुकले तर? बसवाल्याचं बोलणं कळलं नाही तर? त्या बाकापर्यंत पोचले आणि शेजारची जागा रिकामी असली तर... आणि ती रिकामीच असणार. समोर ती निळी बॅग उभी होती. मी म्हटलं, "नाही, राहू द्या ते दिवस." बाई म्हणाल्या, "नक्की ना?" मी म्हटलं, "ते माझे नाहीत हो, माझ्या बहिणीचे आहेत. मला रद्द करता येत नाहीत." भीती गेलेली नाही, अजिबात गेलेली नाही. पण भुसावळपर्यंत रेल्वे आणि पुढं एसटीनं यावल, असं मी दिवसातून कितीदा तरी स्वतःला सांगते.

मुंबईला गाडीनं जायचंय, म्हणजे वाट धुळ्यावरूनच. हेमंतला कळवलं तेव्हा तो साहजिकच म्हणाला, "मावशी, घरी चहाला थांब." मी म्हटलं, "येताना थांबेन रे. जाताना गाडी बाहेरच्या रस्त्यानंच जाऊ दे. बॅग बरोबर आहे." मला वाटलं, त्याला राग येईल. पण तो म्हणाला, "बरं. मग मीच चहा घेऊन रस्त्यावर येऊन उभा राहतो."

काल मी दिवाणाजवळची जागा झाडून घेतली आणि बॅगेचं तोंड दाराकडं फिरवून ठेवलं. वर काही ठेवलेलं नाही, आत बिबडे आहेत.