दारापुढची हराळी

आमच्या दारापुढं लॉन आहे असं भूममध्ये कुणाला सांगितलं, की माणूस आधी हसायचा आणि मग विचारायचा, कशाला? मीही तेच विचारलं होतं. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. साहेबांच्या मागं फायली घेऊन जिल्ह्याच्या विश्रामगृहावर जायचे आणि तिथल्या हिरव्यागार गवताच्या कडेला उभे राहायचे. ते गवत यांच्या मनात बसलं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात, यांनी तिथल्या माळ्याला गोड बोलून पोतंभर हराळी आणली आणि ओट्यापासून फाटकापर्यंत लावून टाकली. "माणसांना टँकर, आन हे गवताला पाजतेत," असं गल्ली म्हणायची. धुण्याभांड्याचं पाणी हे बादलीनं आणून घालायचे, कात्रीनं गवत कापायचे आणि संध्याकाळी त्यावर खुर्ची टाकून बसायचे, सगळा तालुका यांच्याच सहीनं चालतो असा चेहरा करून. मला राग यायचा. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं वाचलं, हातही बराचसा परत आला, पण डावा पाय ओढतच राहिला. बार्शीला व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "मावशी, यांना रोज चालवा. पहिलं वर्ष हातचं गेलं तर पाय आहे असाच राहील, मग मी काही करू शकणार नाही. फरशीवर नको, घसरतील. मऊ जमिनीवर, गवतावर, अनवाणी."

गवतावर! मला वाटलं, चला, एवढं तरी आपल्या दारात आहे. घरी येऊन फाटक उघडलं आणि कपाळावर हात मारला. दवाखान्याच्या फेऱ्यांमध्ये तिकडं कुणी बघितलंच नव्हतं. वळवाचे दोन पाऊस काय झाले, गाजरगवत कमरेला लागलं होतं. त्यात तरोटा, आघाडा, कडेला लव्हाळा. शेजारची शेळी फाटकातून मान घालायची, वास घ्यायची आणि तोंड वाकडं करून निघून जायची.

पण गवतापेक्षा चिवट हे स्वतः होते.

"रस्त्यानं कोपऱ्यापर्यंत तरी चला," मी म्हणायचे.

"लोक बघतेत."

"मग ओट्याखाली उतरा. इथल्या इथं चला."

"काय कामानं?"

"चालायला!"

"बिनकामाचं कुणी चालतं का? मी काय येडा हाय?"

झालं. खुर्ची, काठी आणि रस्त्याकडं लावलेले डोळे. मी ब्लाउज शिवायला खिडकीपाशी बसते, तिथून मला यांची पाठ दिसायची. उन्हाळा गेला, मृग गेला, पाठ तिथंच. मशीन चालवताना मनात एकच यायचं, की हे वर्ष चाललं हातातून.

शेवटी मी पदर खोचला. तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला, हातात पायमोजे चढवले आणि गाजरगवताला भिडले. ते अंगाला लागलं की आठवडाभर खाजवत बसावं लागतं. पाऊस पडून माती ओली असली की मुळासकट येतं, कोरडी असली की तुटतं आणि आपल्याला हसतं. ओट्यावरून सूचना चालूच होत्या.

"फुलायच्या आत काढायला पाहिजे हुतं."

"उतरा आणि काढा की!"

मी रोज सकाळी एक एक कोपरा धरला. तरोटा गेला, आघाडा गेला, लव्हाळ्याच्या गाठी खुरप्याच्या टोकानं एक एक उकरून काढल्या. आणि एका सकाळी सगळ्या त्या जंगलाच्या खाली मला ती दिसली, यांची हराळी. पिवळी पडलेली, विरळ, पण जिवंत. मला एवढा आनंद झाला की मी तिथंच मातीत फतकल मारून बसले. पाणी घातलं, आषाढाच्या सरी आल्या, आणि बघता बघता ती हिरवी व्हायला लागली. म्हटलं, अजून थोडी दाट होऊ दे, मग यांना हाताला धरून उतरवते, ओरडले तरी उतरवते.

तेवढ्यात नागपंचमीला वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. तेरखेड्याच्या अलीकडं त्यांचं शेत. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं शेती बघतात, पण खुरपायला बायका लागल्या की अजूनही सगळ्यांच्या पुढच्या पातीला, पहिल्या ओळीत, वन्संच. त्यांनी खुरपलेल्या रानात तणाचं पान सापडणार नाही, हराळीची काडी तर नाहीच. माहेरी येतानासुद्धा पिशवीत साडीच्या घडीत खुरपं. दर पंचमीला आक्का येणार म्हटलं की हे तासभर आधीच स्टँडवर जाऊन उभे राहायचे, तिची पिशवी हातातून ओढून घ्यायचे, आणि राखी झाली की तिला पुन्हा गाडीत बसवून, खिडकीत जागा मिळाली का ते बघूनच घरी यायचे. या वेळी त्या एकट्या चालत आल्या. हे खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले. वन्संनी ते बघितलं आणि पिशवी स्वतःच आत नेऊन ठेवली. झटका आलेला त्यांना माहीत होता, पण मॅडमचं बोलणं आम्ही सांगितलं नव्हतं. "तिला कळू देऊ नको, उगं जिवाला घोर," असं यांनी मला बजावलं होतं.

पंचमीला आमच्याकडं जमीन खणायची नाही, चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मी पुरणाची दिंडं उकडत होते. वन्सं ओट्याच्या पायरीवर बसून होत्या, आणि हाताला काम नसलं की त्यांना कससंच होतं.

"अगं, दारात हराळी लई माजलीय की," त्या म्हणाल्या.

"असू द्या वन्सं, ठेवायचीय ती."

"व्हय व्हय," त्या हसल्या. पाहुणीला काम नको म्हणून सगळेच असं म्हणतात, तशीच मीही म्हणतेय असं त्यांना वाटलं. दिवसभर त्यांची नजर त्या गवतावर, आणि हात मांडीवर नुसते वळवळत होते.

दुसऱ्या दिवशी मी यांची औषधं आणायला सकाळच्या गाडीनं बार्शीला गेले. म्हटलं, बहीण आहे सोबतीला, काळजी नाही. उन्हं कलताना परत आले, फाटक उघडलं, आणि पिशवी हातातून गळली.

दारापुढं हराळीची एक काडी शिल्लक नव्हती. काळी, भुसभुशीत, मोकळी माती. खुरपून, वरून कुदळीनं खणून, मुळं झटकून वेचून काढलेली. ढेकूळ न् ढेकूळ फोडलेलं. आणि ती सगळी हराळी कंपाउंडच्या भिंतीवर पसरून ठेवलेली, परत मातीला लागून फुटू नये म्हणून. रानातली हराळी बाया जशी धोंड्यावर टाकतात, अगदी तशी. वन्सं हातपाय धुऊन ओट्यावर बसल्या होत्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "कसं मोकळं झालं! आता मेथी टाक, कोथमीर टाक."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजवर त्यांच्यापुढं मान वर करून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "वन्सं, हे काय करून बसलात तुम्ही! हराळी नव्हती ती, तुमच्या भावाचा पाय होता तो!"

आणि रडायलाच आलं मला. रागानं रडू येतं ना, तसलं.

"तुम्ही तरी सांगायचं होतं!" मी यांच्यावर घसरले.

"गोळी घिऊन झोपलो हुतो," हे खाली मान घालून म्हणाले. "उठून बघतो तर निम्मं गेलेलं. आक्का घामाघूम. निम्मं लॉन ठिवून काय करायचं म्हणून गप बसलो."

मी पायरीवर बसले आणि वन्संना सगळं सांगून टाकलं. बार्शीच्या मॅडमचं बोलणं, वर्षाचं, पायाचं, हे उतरत नाहीत ते. वन्सं ऐकत राहिल्या. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं आणि त्या एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"मला परकी केली व्हय रे?" एवढंच त्या भावाला म्हणाल्या.

मग त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या, हराळीची एक मूठ उचलून नखानं कांडं सोलून बघितलं. "वली हाय अजून. मरत न्हाय ही. जल्मभर हिच्यापायी कंबर मोडली माझी, मला म्हाईत हाय. पोतं दे एक. भिजवून."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बारीक पाऊस पडत असताना, वन्सं हराळी लावायला बसल्या. मी विळ्यावर कांड्या तोडून देत होते. त्या खुरप्यानं रेघ ओढायच्या, कांडी आडवी ठेवायच्या, माती सारायच्या आणि तोंडानं सारखं चालू. "आमच्या घराण्यात हराळी कुणी लावली न्हाय. गावात कळलं तर बाया पदर तोंडाला लावून हसतील. म्हणतील, म्हातारीला भ्रम झाला."

"लई दाट लावतीस आक्का," ओट्यावरून आवाज आला.

"तू गप रं. कारकुनाला काय कळतंय लावणीतलं!"

"माझं लॉन हाय ते."

"व्हय, बघितलं तुझं लॉन. शेळी खाईना त्याला!"

मला त्या रागातही हसू फुटलं. दुपारपर्यंत सगळी लावून झाली. वन्सं गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. "आता तुडवायला पाहिजे. मातीला चिकटली न्हाय तर वाळून जाईल." मी साडी वर खोचून पुढं झाले, तर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू नगं. तुझ्यात वजन कुठं हाय? माझं गुडघं गेल्यात." आणि ओट्याकडं वळून, "ए, ऊठ. लावलं म्या, तुडव तू."

"आक्का, पडलो तर?"

"चिखलात पडशील. ल्हानपणी काय कमी पडलास? ऊठ, वाळायलीय ती!"

आणि आमचे हे उठले. काठी घेतली, कठड्याला धरलं, एक पायरी उतरले, दुसरी उतरले, आणि अनवाणी त्या ओल्या मातीत उभे राहिले. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला, झाला नाही असं कसं म्हणू. पण संतापही आला. महिनोन्महिने मी विनवण्या केल्या, रडले, भांडले, आणि या बाईनं यांच्या लॉनचा सत्यानाश करून यांना एका वाक्यात खाली उतरवलं! मी मशीनवर जाऊन बसले आणि तिथून बघत राहिले. उजव्या पायाचा ठसा स्वच्छ उमटत होता, पाच बोटांसकट. डाव्याची नुसती ओढलेली रेघ.

त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ तुडवणी सुरू झाली. वन्सं पायरीवर बसून हुकूम सोडायच्या. "तो कोपरा राहिला. भिताडाकडंला जा. डाव्यानं दाब, उजव्यानं काय दाबतोस, उजवा कुणाचाबी दाबतोय." गल्लीतले एक गृहस्थ फाटकाशी थांबून म्हणाले, "काय, व्यायाम चाललाय का?" हे ताठ होऊन म्हणाले, "न्हाय. काम चाललंय." मी खिडकीतून रोज ठसे बघायचे. रेघ हळूहळू आखूड झाली. मग तिच्या पुढच्या टोकाला अंगठा उमटला. मग टाच. अजून पाय पुरता उचलत नव्हता, पण मॅडमना सांगायला माझ्याकडं काहीतरी होतं.

राखीच्या आदल्या दिवशी मातीतून हिरवी टोकं वर आली. वन्संनी खाली वाकून बघितली. ज्या बाईनं उभ्या जन्मात हराळीचा दुस्वास केला, ती म्हणाली, "बाई, बाई, काय ग्वाड दिसतीय!"

राखी झाली आणि दुसऱ्या दिवशी वन्सं निघाल्या. "बस तू, मी जाते चालत," असं भावाला म्हणून, भिंतीच्या कडेनं जाऊन फाटकापाशी पोचल्या. मी त्यांना चटणीचा डबा द्यायला आत वळले होते. बाहेर येते तर हे ओटा उतरून सरळ फाटकाकडं निघालेले, मधून, हराळीवरून.

"अरं अरं अरं!" वन्सं फाटकातून ओरडल्या. "तुडवतोस काय! फुटलीय ती! कडंनी ये की!"

हे जागच्या जागी थांबले. कोंबांवर ठेवलेला डावा पाय यांनी खाली बघत उचलला, चांगला वर उचलून मागं घेतला, आणि वळून भिंतीच्या कडेनं, लांबच्या वाटेनं, सावकाश फाटकाशी गेले. काठी ओट्यावर खुर्चीलाच अडकलेली होती. मी ती घेऊन धावणार होते. मग नाही धावले.

वन्संनी आपली पिशवी यांच्या उजव्या हातात दिली.

समोरच्या ओट्यावर माणसं बसली होती आणि सगळी बघत होती. कुणीतरी विचारलं, "कुणीकडं?"

"आक्काला यष्टीत बसवून येतो," हे म्हणाले.