सूर्यभान पुन्हा ट्रॅक्टरवर बसला

बोरीच्या व्यंकटरावांनी ट्रॅक्टर घेतला, तेव्हा त्यावर डायवर म्हणून सूर्यभान खंदारे बसला. बौद्धवाड्यातला पंचविशीचा गडी. भरलेली ट्रॉली मागं घेण्यात आसपासच्या गावांत त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं.

१९७४च्या हिवाळ्यात तो बदलला. जेवताजेवता थांबून कान देऊन ऐकत राही. बायकोला, सरजाबाईला म्हणे, "इंजिनात माणसं बोलायलीत. माझंच नाव घ्यायलीत." एका दुपारी कापूस घेऊन जिंतूरला निघाला असता आवाज आला, "समोर माणूस हाय, डावीकडं घे." समोर रस्ता मोकळाच होता. त्यानं स्टेअरिंग फिरवलं आणि ट्रॉलीसकट नाल्यात गेला. खांद्याचं हाड मोडलं. दुसऱ्या कुणाला लागलं नाही, एवढंच बरं.

गावानं देवऋषी सुचवला. सरजाबाईनं ऐकून घेतलं आणि भावाला सोबत घेऊन नवऱ्याला औरंगाबादच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी आवाज हळूहळू विरले, पण हात थरथरू लागले, दिवसा डोळे मिटू लागले.

"साहेब, ट्रॅक्टर चालवता येईल का?" सूर्यभाननं विचारलं.

"आत्ता नाही. पुढं येईलही," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या आजाराच्या नावावरून मी नाही म्हणणार नाही. तुम्ही कसे आहात ते बघून सांगेन. पण गोळी मनानं बंद केलीत, तर मला विचारूसुद्धा नका."

वर्षभर सूर्यभाननं व्यंकटरावांच्या रानात पाणी धरलं. नवा डायवर बांधावरून ट्रॅक्टर घेऊन गेला की तो मान खाली घालून पाटाची दारं मोडत, पाणी वळवत राही. मधे डॉक्टरांनी गोळी बदलली, हात स्थिर झाले. पुढच्या खेपेला त्यांनी त्याला बराच वेळ बोलतं केलं, हात समोर धरायला लावले, सरजाबाईला त्याच्या झोपेचं विचारलं. मग म्हणाले, "आधी मोकळ्या रानात, कुणाला तरी जवळ बसवून. अंधारात चालवायचं नाही. झोप झाली नाही किंवा आवाज आला, तर त्या दिवशी चावीला हात लावायचा नाही."

व्यंकटराव कचरत होते. "माझं मन धजत न्हाई, सूर्यभान."

"पडीक रानात चालवतो मालक. तुमी बघा. पटलं तरच चावी द्या."

"जवळ कोण बसंल?"

"मी बसते," सरजाबाई म्हणाली आणि पदर खोचून चाकावरच्या मडगाडवर चढली.

बांधावर निम्मं गाव जमलं होतं. सूर्यभाननं कुणाकडं पाहिलं नाही. रान नांगरलं, ट्रॉली जोडली आणि दोन कडुलिंबांच्या मधून ती सरळ मागं घेतली. व्यंकटरावांनी महिनाभर त्याला नांगरटीवरच ठेवलं. मग नवा डायवर दुसरीकडं कामाला गेला, तेव्हा रस्त्याचं कामही दिलं.

७७च्या उन्हाळ्यात व्यंकटरावांच्या पुतण्याचं लग्न होतं. वऱ्हाड ट्रॉलीत बसलं, वाजंत्री वाजू लागली. सूर्यभान आला आणि चावी व्यंकटरावांच्या हातावर ठेवली.

"आज मी चालवणार न्हाई मालक. रातभर डोळा लागला न्हाई. पहाटं एक आवाजबी आला."

"कामून आजच? सोयरे वाट बघायलेत."

"बघू द्या. ट्रॉलीत लेकरं हायती."

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. पण त्यांनी वऱ्हाड खाली उतरवलं आणि बैलगाड्या जुंपायला लावल्या. लग्न उशिरा लागलं. सूर्यभान दुसऱ्याच दिवशी औरंगाबादला जाऊन डॉक्टरांना भेटला. आठवडाभरानं डॉक्टरांची परवानगी घेऊन परत आला, तर व्यंकटरावांनी स्वतः पुढं होऊन चावी दिली. "आता मला भ्या न्हाई," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मडगाडवर कुणाला बसवायची गरज पडली नाही.

७९ साली आजार पुन्हा उलटला. सूर्यभाननं आपण होऊन ट्रॅक्टर उभा केला. या वेळी व्यंकटरावांनी दुसरा डायवर पाहिला नाही. "बैलावर भागवतो. तू बरा होऊन ये," ते म्हणाले. पेरणी बैलांनीच झाली. काढणीला मात्र ज्वारीच्या कणसांनी भरलेली ट्रॉली सूर्यभाननंच खळ्यावर आणली.