तळघरातले चार नळ

लवोन पागेलने सव्वीस वर्षं खिडक्यांच्या कारखान्यात चौकटी जुळवल्या. तिच्या हातून गेलेल्या चौकटीच्या कोपऱ्यात पोस्टकार्डसुद्धा सरकत नाही, असं तिथले लोक सांगत. ती स्वतः असलं काही सांगत नसे. विस्कॉन्सिन नदीच्या या काठाला स्वतःबद्दल बरं बोलणारी बाई लोकांना आवडत नाही. आणि लोकांना नावडेल असं वागणं लवोनला परवडणारं नव्हतं; ते काम तिचा नवरा पुरेसं करत होता.

ड्वेन कागदाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. पहिले काही महिने त्याने घराला रंग दिला, मग गॅरेजला दिला, आणि रंगवायला काही उरलं नाही तेव्हा तो दुपारी तीनपासून मार्लिसच्या बारमध्ये जाऊन बसू लागला. बार आमच्यापासून चार मैलांवर, मक्याच्या शेतांमधल्या वळणावळणाच्या रस्त्याला आहे. वाईट माणूस नव्हता तो. प्यायला की हसायचा, गायचा, शेजाऱ्याचं बर्फ उपसून द्यायचा. माझ्याही दारातलं कितीदा उपसलंय.

आमच्याकडे कुणी कुणाला पिऊ नको म्हणत नाही. तो आगाऊपणा समजतात. बाप्तिस्म्याला बिअर असते, मयताच्या जेवणालाही असते. निघताना दारात एवढंच विचारायचं, गाडी कोण चालवणार? ते विचारलं की आपलं कर्तव्य संपलं.

जानेवारीत एकदा ड्वेनची पिकअप रस्ता सोडून चरात गेली. लोकांना सापडला तेव्हा तो स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरत होता. इंजिन चालू होतं म्हणून गोठला नाही. "हरीण आडवं आलं," तो म्हणाला. तिसऱ्यांदा हरीण आडवं आलं होतं. मार्लिस म्हणाली, त्या रस्त्यावरची सगळी हरणं आता ड्वेनला नावानिशी ओळखतात. सगळे हसले. लवोनही हसली. दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने कॉफीत साखर घातली आणि बराच वेळ नुसतीच ढवळत राहिली.

"मला एकच हवंय," ती म्हणाली. "शेरिफचा माणूस बातमी घेऊन, टोपी हातात धरून माझ्या दारात उभा राहायला नको. बाकी काही का करेना."

त्या संध्याकाळी तिने ड्वेनला सांगितलं, "प्यायचं तर घरी पी."

"घरी काय पिऊ?" ड्वेन म्हणाला. तो हौस म्हणून घरी बिअर करायचा, चांगली करायचा. पण ती बाटल्यांत भरावी लागे. "पन्नास बाटल्या धुवा, भरा, बूच मारा, वर तीन आठवडे वाट बघा. मार्लिसकडे नळाची दांडी ओढली की ग्लास भरतो. थंडगार."

"मग आपण दांडी लावू."

"कशाला लावणार, बाईसाहेब? न्हाणीच्या नळाला?"

"तळघरातल्या फ्रीझरला," लवोन म्हणाली.

तो फ्रीझर तिचा होता. आडवा, शवपेटीएवढा. त्यात अर्धं हरीण होतं, कणसं खरवडून भरलेल्या मक्याच्या पिशव्या होत्या, रुबार्बचे आंबट देठ होते, डोअर काउंटीच्या आंबट चेरी होत्या. दोन दिवसांत तिने तो रिकामा केला. मांस भावाला दिलं. मक्याच्या अकरा पिशव्या मला आणून दिल्या. मी म्हटलं, "अगं, हिवाळाभर तुम्ही काय खाल?" ती म्हणाली, "दुकानं आहेत की." दुकानातल्या मक्याला ती आयुष्यभर नावं ठेवत आली होती.

ड्वेन ड्रिल घेऊन तयारच होता. फ्रीझरच्या अंगालाच भोकं पाडून नळ बसवू म्हणाला.

"अंगात गारव्याच्या गॅसच्या नळ्या फिरताहेत," लवोन म्हणाली. "एक फुटली की खोकं टाकून द्यावं लागेल. सरक तिकडे."

तिने झाकण बिजागऱ्यांसकट उतरवलं. कारखान्यातून ओकच्या फळ्या आणल्या आणि फ्रीझरच्या तोंडावर बरोबर बसेल अशी बारा इंच उंच चौकट केली. कोपरे तिरके कापून जोडले, आतून जाड थर्मोकोल लावला, खाली-वर रबराची पट्टी फिरवली, आणि झाकण त्या चौकटीवर परत बसवलं. म्हणजे भोकं पडली ती लाकडाला, फ्रीझरला ओरखडा नाही. चार नळ एका रेषेत बसले. फ्रीझर स्वतःच्या मनाने चालला तर बिअरचा दगड करेल, म्हणून त्याची वायर तिने एका छोट्या डबीत खुपसली. डबीची तार पाण्याच्या बरणीत सोडलेली. पाणी अडतीस फॅरनहाइटच्या वर गेलं की डबी फ्रीझर चालू करी, खाली आलं की बंद. आत बिअरची चार पिंपं ठेवली आणि बिअर नळाकडे ढकलणारी गॅसची टाकी एका कोपऱ्यात उभी केली. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघितलं. पहिल्या दिवशी नळातून नुसता फेसच आला, तर तिने पिंपापासून नळापर्यंतची नळी दहा फूट लांब घेतली, वेटोळं करून आत ठेवली, आणि फेस बसला. हे सगळं ती गुडघ्यांना उशी बांधून करत होती. ड्वेन स्टुलावर बसून सल्ला देत होता.

पहिल्या शनिवारी बारमधले सातजण बघायला आले. लाकडावरून हात फिरवले, झाकण उघडून आत वाकून पाहिलं.

"च्यायला, ड्वेन! हे तू केलंस?"

ड्वेन ग्लास भरत होता. "वेळ लागला थोडा," तो म्हणाला.

लवोन सॉसेजचं ताट घेऊन पायऱ्या उतरत होती. तिने ते ऐकलं. ताट खाली ठेवलं, मोहरीची बाटली विसरली म्हणून परत वर गेली. मी नंतर म्हटलं, "तू बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "बाहेर बघ." बाहेर ड्वेनची पिकअप उभी होती, छपरावर चार बोटं बर्फ. आठवडाभर हलली नव्हती.

ते वर्ष तिचं चांगलं गेलं. साडेपाचला ड्वेन जेवायला टेबलाशी असायचा. जेवून दोघं पत्ते खेळायची. ती झोपायला जायची तेव्हा तो घरातच असायचा, आणि कान रस्त्याकडे लावून पडायची तिची सवय मोडली. मार्लिस एकदा दुकानात भेटली. "माझं गिऱ्हाईक पळवलंस गं," म्हणाली. लवोन किती हसली. मग मार्लिस म्हणाली, "तसा सहाव्या ग्लासानंतर मी त्याला देत नव्हतेच. घरी जा म्हणायचे."

ते वाक्य लवोनने मला तीनदा सांगितलं. तिला त्यात काय टोचत होतं ते मला कळायला वेळ लागला. मार्लिसकडे सहावा ग्लास मोजणारं कुणीतरी होतं. बाटल्या होत्या तेव्हा सकाळी सिंकपाशी रिकाम्या उभ्या राहायच्या, आंधळ्यालाही मोजता आल्या असत्या. नळाला मोजदाद नसते. एकच ग्लास, दिवसभर तोच, खळबळून पालथा घातलेला. बघणाऱ्याला वाटावं, माणसाने एकच घेतली.

मित्र हळूहळू यायचे थांबले. माणूस बारमध्ये बिअरसाठी जात नाही, माणसांसाठी जातो. ड्वेनच्या तळघरात खिडकी वीतभर होती आणि गोष्टी त्याच त्या. पण दर शनिवारी गॅरेजमध्ये बिअरचं मोठं पातेलं चढायचं, माल्टचा वास आमच्या पडद्यांना लागायचा, दोन पिंपं भरायची. आणि पुढच्या शनिवारपर्यंत रिकामी व्हायची.

लवोनने न्हाणीघरातला वजनकाटा खाली नेला. ड्वेन आंघोळीला गेला की ती एकेक पिंप उचलून काट्यावर ठेवायची. भरलेलं पन्नास पौंड, रिकामं दहा. एक ग्लास म्हणजे एक पौंड, थोडं इकडेतिकडे. कारखान्यात दोन बोटांनी चौकट चाचपून ती फट सांगायची. इथे तर आकडाच दिसत होता. कधी ती मला दिवसाच्या ग्लासांचा नुसताच आकडा सांगायची. "नऊ." मग "दहा." पुढे काही नाही. मीही काही बोलले नाही. आमच्याकडे बोलत नाहीत, आणि गाडी तर कुणी चालवतच नव्हतं.

त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात ड्वेनच्या पायांना सूज आली. बूट चढेनात. डोळ्यांचा पांढरा भाग जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला. त्यांची मुलगी हायडी ग्रीन बेहून आली, बापाकडे बघून रडली, आणि तिनेच डॉक्टरांची वेळ घेतली. लवोन त्याला घेऊन गेली. तिथे काय झालं ते तिने मला जसं सांगितलं तसं सांगते.

डॉक्टर तरुण बाई होती. तिने विचारलं, "रोज किती घेता?"

"दोन," ड्वेन म्हणाला. "पाहुणे असले तर तीन."

"अकरा," लवोन म्हणाली.

ड्वेन हसला. "ही वर टीव्ही बघत असते. हिला काय माहीत?"

"मी पिंपं वजन करते. आठवड्याला ऐंशी पौंड जातं."

डॉक्टर लिहायची थांबली. "पिंपं? घरात?"

आणि ड्वेन, ज्याने तीन वर्षांत एकदाही कुणापुढे ते म्हटलं नव्हतं, खुर्चीत सरसावून म्हणाला, "हिनेच करून दिलंय ते. एकटीने. मी तर हातसुद्धा लावला नाही. विचारा ना तिला. मी बाटल्यांवर खूश होतो, डॉक्टर."

डॉक्टरने लवोनकडे बघितलं. लवोन म्हणाली, "हो. मीच केलं."

डॉक्टरने सांगितलं ते साधं होतं. आज थांबवलं तर काही वर्षं, नाही थांबवलं तर नाही. पण एकदम थांबवलं तर अंगाला थरथर सुटेल, भास होतील. त्यासाठी हॉस्पिटलात दाखल व्हा, उद्या खाट मिळेल. ड्वेन म्हणाला, विचार करतो. लवोनने गाडी चालवली.

दोघं घरी पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. लवोन कोट न काढताच तळघरात गेली, भिंतीपाशी वाकली आणि डबीची वायर उपटली. फ्रीझरची घरघर थांबली. तीन वर्षं ती घरघर सतत चालू होती. घर एकदम मोठं वाटलं, असं ती म्हणाली.

पायरीवर ड्वेन उभा होता. "काय केलंस?"

"बंद केलं. आहे ते आत्ताच ओतून टाकणार, चारही पिंपं. उद्या हॉस्पिटलात जायचं."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो वळून वर गेला. खिळ्यावरून किल्ल्यांचा जुडगा काढल्याचा आवाज आला, मग दरवाज्याचा.

हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं. ड्वेन न बांधलेल्या बुटांत पिकअपपाशी आला. हिवाळा लागल्यापासून ती जागची हलली नव्हती. दरवाजा उघडेना तर त्याने खांद्याने धक्का दिला. गाडी चौथ्या झटक्याला सुरू झाली. मग तो खरवडणी घेऊन काचेवरचा बर्फ काढू लागला. आधी उजवी बाजू. काम मात्र नीट करत होता. मी कोट चढवला. बाहेर जाऊन काय म्हणणार होते कुणास ठाऊक. गाडी कोण चालवणार, असं?

खाली लवोन वायर हातात धरून उभी होती. तळघराच्या वीतभर खिडकीतून तिला त्याचे बूट दिसत होते आणि काचेवरची खरड ऐकू येत होती. ऐकता ऐकता तिला वळणं आठवली. चर्चपाशी एक, दूधवाल्याच्या गोठ्यापाशी दुसरं, मग पूल. आदल्या दिवशी पाऊस पडून गोठला होता. खरडण्याचा आवाज एका बाजूने थांबला आणि दुसऱ्या बाजूने सुरू झाला.

तिने वाकून वायर परत खुपसली.

मी माझ्या दारात पोचले तेव्हा तिने तिचं दार उघडलं होतं. मला बघितलं, पण नजर माझ्यावर थांबली नाही.

"ड्वेन," ती म्हणाली. "लावलंय परत. ये आत."

त्याने राहिलेला कोपरा खरवडला, मग इंजिन बंद केलं. तिच्या जवळून आत शिरताना म्हणाला, "झाकण उघडलं नव्हतंस ना? गार आहे ना अजून?"

"गारच आहे," लवोन म्हणाली. "बूट दारातच काढ. लादी सकाळीच पुसलीय."