ताकदीची बाटली

तमाम सोलापूरकर बंधू-भगिनींना अत्यंत महत्त्वाची सूचना! रिक्षावर भोंगा लावून गेली पंचवीस वर्षं तुम्हाला सेल, सर्कस, हरवलेली मुलं आणि उद्या न येणारं पाणी यांची खबर देणारा जो इसम, त्याच्या म्हणजे माझ्या रक्तात पोटॅशियम एक पॉइंट नऊ निघालं आहे. असायला हवं साडेतीन ते पाच. तरी कृपया सर्वांनी नोंद घ्यावी.

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचून "एक पॉइंट नऊ!" असं म्हटलं, तेव्हा त्यांचा आवाज माझ्या भोंग्याच्या वर गेला होता. मला मात्र हर्ष झाला. दोन दिवस सगळे माझ्या दुखण्याला 'शेवट' म्हणत होते. आता त्याला नाव मिळालं: हायपोकॅलेमिया. म्हणजे रक्तातलं पोटॅशियम घटणं. या क्षारावर स्नायू चालतात. तो संपला की माणूस शुद्धीत असतो, तोंडाने बडबडतो, आणि गळ्याखाली नुसती गोणी.

मला बारा वर्षांपासून एचआयव्ही आहे. हे वाक्य मी दोनच ठिकाणी बोललो होतो. घरात बायकोशी, शमीमशी. आणि रोजच्या गोळ्या मिळतात त्या एआरटी केंद्रात. तिसऱ्या कुणाला कळलं तर या आवाजाला सेलची सुपारी कोण देणार?

सुरुवात पोटऱ्यांत गोळे येण्याने झाली. मग रिक्षात चढताना मांडी उचलेना. एका सकाळी संडासात बसलो तो उठताच येईना. शमीमने काखेत हात घालून ओढून काढलं. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची.

आमच्याकडे अशक्तपणावर एकच इलाज. गल्लीतल्या डॉक्टरकडे जायचं, बाकावर आडवं व्हायचं, आणि खिळ्याला टांगलेली ग्लुकोजची बाटली संपेपर्यंत शेजारच्याशी गप्पा मारायच्या. आम्ही तिला ताकदीची बाटली म्हणतो.

डॉक्टरांनी रीतसर विचारलं, "जुनं काही दुखणं? गोळ्या चालू आहेत?"

शेजारच्या बाकावर ओळखीची तीन तोंडं होती. "काही नाही," म्हणालो.

एक बाटली झाली, बरं वाटेना, म्हणून दुसरी मीच मागून घेतली. ती संपली तेव्हा हात वर होईना. संध्याकाळी उशीवरून मान उचलेना.

शमीमने मोठ्या दवाखान्यात नेलं आणि शहाणपणाने माझी एआरटीची फाईल पुढे केली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलंच नाही. "एचआयव्ही आहे ना? मग हे होणारच. लास्ट स्टेज समजा. नातेवाइकांना कळवा."

मला कोपऱ्यातली खाट मिळाली. केसपेपरवर लाल शाईने ती तीन अक्षरं, लांबून दिसावीत इतकी मोठी. जेवणाचं ताट जमिनीवर ठेवून एकाने पायाने खाटेखाली सरकवलं. अरे, ज्याची मान उचलत नाही तो खाटेखालचं ताट कसा खाणार? रक्त तपासायला कुणी आलं नाही. मरणाऱ्याचं काय तपासायचं!

लपवलं तेव्हा बाटली मिळाली, सांगितलं तेव्हा कोपरा. आजही हे लिहिताना माझे दात करकरतात.

तिसऱ्या सकाळी अक्कलकोटहून मेहुणा आला. हातात गच्च भरलेली पिशवी बघून मला वाटलं, गडी कफन घेऊनच आला. केळी निघाली. त्या दवाखान्यात माझ्यासाठी पोटॅशियम आणणारा तो पहिला माणूस!

तेवढ्यात राउंड आला. मोठ्या डॉक्टरांनी लांबूनच पुन्हा तेच म्हटलं, "लास्ट स्टेज." शमीम एरवी दवाखान्यात जपून मराठी बोलते. त्या दिवशी ती उसळली. "एच्चायव्ही बारा साल से है, पावां तो परसों गये! परसों क्या हुआ वो देखो ना!"

मोठे डॉक्टर पुढच्या खाटेकडे सरकले. मागे उभ्या असलेल्या तरुण डॉक्टर मॅडम मात्र थांबल्या. त्यांनी ईसीजी काढला, रक्त घेतलं, आणि तासाभरात तो आकडा ओरडल्या.

मग त्यांनी समजावलं. "तुमच्या गोळीत टेनोफोविर आहे. औषध चांगलं आहे, पण एखाद्याच्या मूत्रपिंडाला गळती लावतं. पोटॅशियम लघवीवाटे जातं. स्नायू लुळे पडतात, तुटायला लागतात. म्हणून लघवी काळी." सीपीके नावाची तपासणी स्नायू किती तुटलेत ते सांगते. माझी कितीतरी पटीने वाढली होती. "आणि ग्लुकोज घेतलं की शरीर इन्सुलिन सोडतं. ते रक्तात उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींच्या आत ढकलतं. कुणी दिलं होतं का?"

"मागून घेतलं," मी छताला सांगितलं.

पोटॅशियम सुरू झालं, ग्लुकोज नसलेल्या सलाईनमधून, मशीनवर, थेंबाथेंबाने. घाई केली तर हृदय थांबतं, म्हणून छातीला सतत वायरी. दोन दिवसांनी अंगठा हलला. मी ते वॉर्डभर जाहीर केलं. आठव्या दिवशी खाटेचा दांडा धरून उभा राहिलो. एआरटी केंद्राने गोळी बदलून दिली. मनाने गोळी बंद करू नका हो, कुणीच. पाय जड झाले, लघवी काळी झाली तर फाईल पुढे करा आणि पोटॅशियम तपासा म्हणून भांडा. भांडायला शमीम नसेल तर स्वतः शमीम व्हा. तिचे आणि त्या मॅडमचे उपकार मानतो. ताट सरकवणाऱ्या पायाचे नाही.

चालता यायला लागल्यावर पहिला गेलो तो गल्लीतल्या डॉक्टरकडे. माणूस वाईट नाही, खोटं मीच बोललो होतो. पण बाकांवर पाच जण, खिळ्यांना पाच बाटल्या. मी सांगायला तोंड उघडलं तसे डॉक्टर कुजबुजले, "आत या ना, आत बोलू."

त्या 'आत'नेच माझं डोकं फिरलं. बारा वर्षं मी आतच बोलत होतो!

मी भोंग्याचा आवाज लावला. "बंधू-भगिनींनो! मला एचआयव्ही आहे! बारा वर्षं आहे, त्याने मेलो नाही! ते लपवून याच बाकावर ताकदीच्या दोन बाटल्या घेतल्या, त्याने मरत होतो! काय तपासलंय ते विचारल्याशिवाय घेऊ नका!"

आवाज सगळ्यांनी ओळखला. सोबत आलेल्या शमीमने दारातच डोळे मिटून घेतले. आता बाक रिकामे होणार म्हणून मी वाट बघत उभा.

मंद्रूपहून आलेल्या एका म्हातारीने, हातात सुई तशीच, आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर खिळ्याकडे.

"ते ऱ्हाऊ द्या वो समदं! ही माजी बाटली ठिवू का काडू, तेवडं सांगा की!"