भिंतीच्या बाजूने कुणीतरी फळीवर हात मारला

अशा गोष्टी लिहिणारे बहुतेक जण आधीच सांगून टाकतात, की आमचा यावर विश्वास नव्हता... आणि शेवटी तो बसलेला असतो. माझा तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी लिहितेय. कारण आमच्या सुरतच्या नवागाममध्ये ही गोष्ट माझ्या पाठीमागे तिखटमीठ लावून सांगितली जाते, आणि चुकीची सांगितली जाते. खरं काय झालं ते माझ्याकडून ऐका. मग हसायचं असेल तर खुशाल हसा.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो — तरुणपणीच सुरतला आले. त्यांची लांब बोनेटची जुनी ट्रक होती. लूमच्या खात्यांतून, म्हणजे कारखान्यांतून, कोरं कापड उचलायचं आणि पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये पोचवायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. गाडी त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या, म्हणजे आमच्या आबाकाकांच्या नावावर होती. चालवायचे मात्र अण्णाच. मलाही त्यांनीच शिकवलं, डिंडोलीच्या मोकळ्या मैदानात, बायका तोंडाला पदर लावून बघत असताना.

लॉकडाऊनच्या आधीची गोष्ट. एका दुपारी अण्णांनी नेहमीच्या प्लॉटमध्ये गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि सीटवरच गेले. हार्ट अटॅक. डॉक्टरांनी अगदी सरळ सांगितलं. पण सरळ गोष्ट लोकांना पचते कुठे? 'गाडीने माणूस खाल्ला' असं झालं. ड्रायव्हर मिळेना, गिऱ्हाईक मिळेना. काका तर त्या प्लॉटच्या रस्त्यानेही जात नसत. गाडी तिथेच सडत उभी राहिली आणि येणारे-जाणारे तिच्याकडे बोट दाखवून पोरांना भीती घालू लागले. माझ्या आईने ते ऐकलं की ती आत निघून जायची. ज्या गाडीने आमचं घर चालवलं, तिला हे नाव! माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जायची.

या वर्षी प्लॉटच्या मालकाने जागा रिकामी करायला सांगितलं. काकांनी मला न विचारता गॅसकटरवाला ठरवला. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"गाडी कापू द्यायची नाही. मी ती चालू करणार."

"तुना बापले खाई गयी ती," काका म्हणाले. "आते तुले खाई."

"खाऊ दे. पण ती स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर पडली, तर पुन्हा हे शब्द काढायचे नाहीत. नाही पडली तर कापा."

काकांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "तुना बापनागतच शेस." बापासारखीच आहेस म्हणे. माझ्या दृष्टीने तो होकार होता.

मी स्वतः छोटा टेम्पो चालवते, साड्यांची पार्सलं पोचवते. त्यामुळे रमणभाई मेकॅनिक ओळखीचे. पक्के सुरती माणूस, तोंडात एक शिवी कायम तयार. बोनेट उघडलं तेव्हा एअर फिल्टरमध्ये उंदरांचं घरटं निघालं. टाकीतलं डिझेल काकवीसारखं झालेलं. आणि इंजिन जाम. पान्याने फिरवायला गेलो तर तसूभर हलेना. रमणभाईंनी नोजल काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑइल आणि डिझेल ओतलं आणि म्हणाले, "बेन, अब इसको पीने दो. जबरदस्ती नहीं करने का."

काही दिवस ते मुरू दिलं. मी रोज टेम्पोची फेरी संपवून जायची आणि पाना लावून बघायची. एक दिवस पाना थोडासा गेला. मी परत उलटा फिरवला, परत सुलटा... आणि आतून 'सुस्स' असा आवाज येऊन इंजिन फिरलं. मी त्या उकिरड्यासारख्या प्लॉटमध्ये एकटीच ओरडले. मग टाकी धुतली, फिल्टर बदलले, ऑइल बदललं, दुसऱ्या गाडीची बॅटरी आणली.

ठरलेल्या दिवशी सकाळी रमणभाईंनी हातपंप मारून लाइनमधली सगळी हवा काढली. मी एक फेरी घालून मागे-पुढे, गाडीखाली नजर टाकली, वर चढले आणि स्टार्टर दिला. आधी नुसती घरघर. मग काळ्या धुराचा लोट. आणि मग ते धरलं! तोच आवाज... लहानपणी गल्लीच्या तोंडाशी हा आवाज आला की मी ताट वाढायला धावायची. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, लपवत नाही. इंजिन तासभर एका सुरात चाललं. एकदाही बंद पडलं नाही, हे लक्षात ठेवा.

ब्रेकचं थोडं काम राहिलं होतं, ते उरकून आम्ही जेवायला समोरच्या टपरीवर गेलो. परत आलो तर काका हजर. हातात नारळ आणि पिशवीभर लिंबं. "हाई कऱ्याशिवाय गाडी हलावू नको."

मला वाद नको होता. म्हटलं, करा. काकांनी बंपरसमोर नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. बघायला गल्लीतले लोक जमले, तेही सगळे पुढे. मी वर चढले. सकाळी घातली होती ती फेरी मी या वेळी घातली नाही. सगळ्यांचं लक्ष लिंबांवर होतं, माझंही.

स्टार्टर दिला. इंजिन धरलं आणि लगेच मेलं. परत दिला. परत तेच. रमणभाईंनी शिवी हासडली, हातपंप मारून पाहिला. एक बुडबुडा नाही. "लाइन मस्त, पंप मस्त, नोजल मस्त! फिर बंद कायकू होता है?" जमलेल्यांत कुजबुज सुरू झाली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "पोरी, खाले उतर. ती नही म्हनी ऱ्हायनी."

"ती काही म्हणत नाही," मी वरूनच ओरडले. "लोखंड आहे ते!"

आणि रागाने पुन्हा स्टार्टर दिला. या वेळी इंजिन टिकलं. मी क्लच दाबला, गिअर टाकला, हँडब्रेक सोडला. तेवढ्यात डाव्या बाजूला, मागे हौद्याच्या लाकडी फळीवर कुणीतरी जोरात हात मारला. एकदाच.

ट्रकवाल्यांना हे सांगायला नको. क्लीनरने फळीवर दोनदा हात मारला की 'जाऊ दे', एकदा मारला की 'थांब'. यात विचार करायचा नसतो, पाय आपोआप जातो. माझा ब्रेकवर गेला, क्लच सुटला आणि इंजिन बंद पडलं.

मी चिडून खिडकीबाहेर डोकं काढलं. "कोण हात मारतंय मागे?"

कुणीच नव्हतं. सगळी माणसं माझ्यासमोर, बोनेटच्या पुढे उभी होती. रमणभाई, काका, बाकीचे. आणि डावी बाजू... अण्णा गाडी नेहमी कंपाउंडच्या भिंतीला चिकटवून लावायचे. त्या फटीत पालाही साचून घट्ट झाला होता. तिथे माणूस काय, मांजर उभं राहणार नाही.

मी खाली उतरले आणि उजव्या बाजूने मागे गेले. वाकून पाहिलं.

गाडीखाली माणूस झोपला होता. चादर तोंडावर घेऊन, आडवा, आणि त्याचे दोन्ही पाय मागच्या चाकाच्या अगदी पुढे. चाक एक हात जरी पुढे आलं असतं तर...

मी रमणभाईंना हाक मारली. रमणभाईंनी त्याला ओढून बाहेर काढलं. केसांत सुताचा कचरा, डोळे लाल. बुलढाण्याकडचा माणूस, लूमवर रात्रपाळी करून आलेला. खोलीत दुसऱ्या पाळीची माणसं झोपलेली, म्हणून आम्ही जेवायला गेल्यावर सावली बघून आत शिरला होता. आणि इंजिनाच्या आवाजाने जाग कशी आली नाही? ज्यांची माणसं खात्यावर आहेत ते हा प्रश्न विचारणार नाहीत. लूमच्या खडखडाटात वर्षं काढली की कान तसेही निम्मेच उरतात.

"मले वाटलं बंद गाडी हाय जी ताई," तो हात जोडत म्हणाला. "ओरडू नका."

"फळीवर हात तू मारलास?"

"म्या? म्या तं झोपेल होतो."

काका तिथेच मातीत बसले. त्यांनी स्वतः वाकून लिंबं ठेवली होती. पुढच्या चाकाखाली लिंबू आहे की नाही ते सगळ्यांनी बघितलं होतं, मागच्या चाकापुढे माणूस आहे ते कुणीही नाही. मी धरून.

त्याला पाणी पाजलं, लांब सावलीत बसवलं. या वेळी मी गाडीखाली पूर्ण वाकून पाहिलं, मग वर चढले. पहिल्याच स्टार्टरला इंजिन लागलं. बंद पडलं नाही. गाडी लिंबं चिरडत गेटबाहेर आली आणि रमणभाईंच्या गॅरेजपर्यंत न थांबता गेली.

आता तुम्ही म्हणाल, उन्हाने लाकूड तडकलं असेल. मीही तेच धरून बसले होते. फळ्या तपासल्या, एकही तडकलेली नाही. हाताचा ठसा असेल म्हणून धूळ पाहिली, तर तीही जशीच्या तशी. रमणभाई म्हणतात सायलेन्सरमध्ये बार झाला. मग तो त्यांना समोर उभं राहून ऐकू का आला नाही? तो आवाज माझ्याशिवाय कुणीच ऐकलेला नाही. आणि तासभर नीट चाललेलं इंजिन त्याच वेळी का मरत होतं, हेही त्यांना आजवर सांगता आलेलं नाही.

गल्लीत मात्र निकाल लागला... 'गाडीत आहे कुणीतरी.' गेल्या आठवड्यात काका एका भगताला घेऊन गॅरेजवर आले. तो गाडीभोवती फिरला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आत्मा अडकलाय. बंदोबस्त करावा लागेल."

मी दोघांनाही चहा पाजला. मग भगताला विचारलं, "बंदोबस्त केला की काय होईल?"

"जो आहे तो निघून जाईल. परत येणार नाही."

"मग नको," मी म्हटलं.

 काकांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भगताचा हात धरून त्याला रिक्षात बसवून आले.

गाडीचं पासिंग अजून बाकी आहे. तो हात कुणाचा होता ते मला माहीत नाही, आणि ते अण्णा होते असं मी म्हणणारही नाही. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण त्यांना तिथून घालवून द्यायला मी कुणालाही गाडीजवळ येऊ देणार नाही.