कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर

"तोंड फिरवा, साहेब," असं म्हणून चाचा कीबोर्डवर हातरुमाल पसरायचे आणि त्याखाली बोटं घालून पासवर्ड टाकायचे. साहेब निमूटपणे खिडकीतून कंटेनर बघत उभे राहायचे. तुम्ही असता तर तुम्हीही राहिला असता.

उरणच्या आमच्या वाहतूक कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं चाचांकडे होतं. मूळचे आगरदांड्याचे, काही वर्षं मस्कतला काढून परतलेले. आमचा गेटपासचा जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालेना, तेव्हा त्यांनी त्याच्या आतच दुसरा, जुन्या पद्धतीचा कॉम्प्युटर उभा केला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यावर एन्क्रिप्शनचं कुलूप. "पासवर्ड विसरलात तर माझ्याकडे येऊ नका," ते बजावायचे. "मीपण काही करू शकणार नाही." आळसापायी पासवर्ड कॉम्प्युटरमध्येच साठवून ठेवणाऱ्याला तर ते चहासुद्धा विचारत नसत.

असंच एक मशीन त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते उघडून बसलेले मला दिसले. स्क्रीनवर भरतकामाची नक्षी, अर्धीच काढलेली. चाची नवरीच्या ओढण्यांसाठी कॉम्प्युटरवर नक्षी करून द्यायच्या. त्या गेल्यावर चाचांनी त्यांचा अख्खा कॉम्प्युटर जसाच्या तसा या मशीनमध्ये उतरवून घेतला होता. ही नक्षी मुलीच्या ओढणीची.

"कुणाकडून तरी पूर्ण करून घ्या ना," मी म्हणालो.

"नको रे. तिचा हात कुठे थांबला ते दिसतं."

नव्या आवृत्तीप्रमाणे सेटिंग बदलू का, असं ते मशीन अधूनमधून विचारायचं. चाचा दर वेळी 'नाही' दाबायचे. "तिला जुन्यातच राहू दे."

मग तो लॅपटॉप कायमचा बंद पडला. मशीनची कॉपी होती. ती त्यांनी ऑफिसात नव्या लॅपटॉपवर चढवली आणि समोर चौकट आली, पासवर्ड विचारणारी. चाचांची बोटं तशीच थांबली. या एकाच मशीनचा पासवर्ड त्यांनी साठवून ठेवला होता, तोही त्या बंद पडलेल्या लॅपटॉपमध्येच.

"दर वेळी टाकायला नको वाटायचं," ते म्हणाले. "ठेवला तेव्हा तिला जाऊन आठवडाही झाला नव्हता. काय ठेवला, अल्लाला ठाऊक."

चाचींचं नाव, मुलीचं नाव, निकाहची तारीख, गाव. काहीच चालेना. त्या दिवशी त्यांनी हातरुमाल काढला नाही. आम्हीच आपणहून तोंड फिरवून उभे राहिलो.

निवृत्त झाल्यावर ते मुलीकडे मस्कतला गेले. जाताना ती कॉपी माझ्या हातात दिली. "बघ बेटा, तुला काही सुचलं तर."

मी बरेच शब्द टाकून पाहिले. मग एकदा वाटलं, एका घरात नवरा-बायको एकमेकांना काय हाक मारत असतील, याचे अंदाज मी कसले बांधतोय? आणि थांबलो.

दर ईदला त्यांचा फोन यायचा. "उघडलं का?"

"नाही, चाचा."

शेवटच्या फोनवर मात्र ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मग हळूच म्हणाले, "पण आत आहे ना ती?"

"आहे, चाचा."

"मग असू दे."